वाटेत लागेल तेवढंच

२६ फेब्रुवारी १९८४, रविवार. सकाळचं पाणी भरून झालं आणि मी पिशवी तिसऱ्यांदा रिकामी केली.

पिशवी रेक्झीनची होती, निळी, वर चेन असलेली. मेनरोडवरून आणली तेव्हा मी शिवणाची टेप बरोबर नेली होती. विमानात हातात न्यायच्या सामानाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून पंचेचाळीस इंचांच्या वर जाता कामा नये, असं तिकिटाबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं. मी दुकानात पिशव्यांना टेप लावत बसले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "बाई, पिशवी घेताय की ब्लाउज शिवताय?" चौथी पिशवी मापात बसली, ती घेतली.

सामान माझं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं होतं. तिला दोन वर्षं पुरी व्हायला दीड महिना होता आणि मंगळवारी दुपारच्या विमानाने ती तिच्या वडिलांबरोबर आखातात जाणार होती.

बहीण बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. माहेर नामपूरचं, पण नामपुरात त्या वेळी अवघड बाळंतपणाची सोय नव्हती आणि हिचे पाय सातव्या महिन्यापासून सुजत होते. म्हणून आईलाही मी नाशिकला, इंदिरानगरला बोलावून घेतलं. मुलगी झाली, आणि बाराव्या दिवशी बहीण गेली. झटके आले आणि गेली. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं.

मेहुणे आखातात एका कारखान्यात फिटर होते. तार मिळाल्यावर आले, दिवस होईपर्यंत राहिले. जाताना उंबऱ्यापाशी बूट घालता घालता म्हणाले, "ताई, सध्या तुमच्याकडेच राहू दे हिला." मी म्हटलं, "राहू दे." त्या 'सध्या'ची पुढे दोन वर्षं झाली. माझे पती एसटीत ड्रायव्हर होते. ते गेल्यावर मला बसस्टँडच्या पार्सल ऑफिसात नोकरी मिळाली होती. मूलबाळ नव्हतं. मी ड्यूटीवर जायची, आई पोरीला सांभाळायची, संध्याकाळी मी आले की आई देवळात जायची. आमचं तिघींचं बस्तान चांगलं बसलं होतं.

मेहुण्यांनी दुसरं लग्न करावं हे मीच सांगितलं. तीस वर्षांच्या माणसाने परमुलखात किती दिवस हाताने भाकरी थापायच्या? धुळ्याकडची मुलगी पाहिली, लग्नाला मी स्वतः गेले. मग दिवाळीत पत्र आलं की तिकडे राहायला जागा मिळाली आहे, फेब्रुवारीत दोघं रजेवर येतो आणि मुलीला घेऊन जातो. यात वावगं काही नव्हतं. मूल त्यांचं होतं.

आईने पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "इतकी बारकी पोर? जराशी मोठी होऊ दे ना."

मी म्हटलं, "मोठी झाली की जास्त कळेल. जायचंच आहे तर आत्ताच जाऊ दे."

शिवाय तिकिटाचाही नियम होता. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसतं, त्याचं तिकीट अगदी थोडं. दोन पुरी झाली की अर्धं. मेहुण्यांनी तो हिशोब केला असला तर त्यांना बोल लावता येत नाही, मीही केला असता.

दिवाळीनंतर मी एक काम सुरू केलं. पोर मला आई म्हणायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं, शेजारची मुलं त्यांच्या आयांना हाक मारायची ते ऐकून ती म्हणायला लागली होती. मी त्या हाकेला ओ देणं बंद केलं. "मावशी म्हण," एवढंच सांगायचे आणि म्हटल्याशिवाय उचलून घ्यायचे नाही. पहिले आठ दिवस तिने फार गोंधळ घातला. आई माझ्याशी बोलेना. "कसाई शे का तू?" असं एकदा म्हणाली. पण तिकडे गेल्यावर तिथल्या बाईला तिने आई म्हणायला हवं होतं आणि त्यासाठी ती जागा मोकळी असायला हवी होती. संक्रांतीपर्यंत पोर 'मावची' म्हणायला शिकली.

मला एवढंच साधायचं होतं की तिने रडत जाऊ नये. तिथे पोचल्यावर पहिल्या रात्री तिला झोप लागावी. बाकीचं आपोआप होईल असं मी धरून चालले होते.

पिशवीतल्या सामानाचा प्रश्न त्यातूनच निघाला. मेहुण्यांच्या मोठ्या बॅगा आधीच भरल्या होत्या. त्यांच्या आईने लोणच्याच्या बरण्या दिल्या होत्या, वर्षाचा मसाला दिला होता, नव्या संसाराला कुकर, परात, पोळपाट. नामपूरच्या चुलतभावाने अर्धं पोतं कांदा पाठवला होता. मेहुणे म्हणाले, "दादा, तिकडं कांदा मिळतो." तो म्हणाला, "मिळत असंल. नामपूरचा मिळतो का?" कांदा मागे राहिला, मी तो पुढे चैत्रापर्यंत खाल्ला. पण तो काढूनही बॅगा वजनाच्या काट्यावर आल्या होत्या. मांडीवरच्या मुलाला वेगळं सामान नसतं. म्हणजे पोरीचं जे काही न्यायचं ते हातातल्या पिशवीतूनच.

कागद इंग्रजीत होता. मला इंग्रजी कामापुरतं येतं, पण नियमाचं इंग्रजी वेगळं असतं. म्हणून शुक्रवारी ड्यूटी संपल्यावर मी तिकीट काढून देणाऱ्या माणसाच्या ऑफिसात गेले. द्वारका चौकाजवळ जिन्याखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या एवढंच ते ऑफिस होतं. मी कागद पुढे ठेवला.

"हातातलं सामान किती चालतं?"

"एक बॅग, मॅडम. पाच किलो. तुम्ही जाताय का?"

"नाही. दोन वर्षांच्या आतली मुलगी जाते आहे."

"मग तिला बॅग नाही. जे न्यायचं ते मोठ्यांच्या बॅगेत."

"पण इथे खाली लिहिलंय ना, बाळाचं खाणं वेगळं म्हणून?"

त्याने चष्मा खाली घेऊन वाचलं. "हां. हे वजनात धरत नाहीत. बाईमाणसाची पर्स, छत्री, ओव्हरकोट नाहीतर ब्लँकेट, कॅमेरा, वाचायचं पुस्तक. आणि बाळाची टोपली आणि बाळाचं खाणं."

"खाणं म्हणजे किती?"

"वाटेत लागेल तेवढं."

"आणि पोचल्यावर?"

"पोचल्यावरचं यात येत नाही, मॅडम. हे फक्त वाटेतलं."

मी विचारलं, "ब्लँकेटच्या जागी गोधडी चालेल का?"

तो हसला. "गोधडीचं नाव नाही लिहिलेलं यात."

"म्हणून तर विचारते."

"हातावर घडी करून घेतली तर कोण अडवतो? चालेल. पण बाकी सांभाळा. चाकू, कात्री, सुरी, अडकित्ता, टोकाचं लोखंडाचं काही ठेवू नका. बॅटरीचे सेलसुद्धा काढून घेतात हल्ली. विमानं पळवायला लागल्यापासून फार बघतात."

गोधडी महत्त्वाची होती. पोर तिच्याशिवाय झोपत नसे. बहिणीच्या दोन साड्या आत घालून, वरून आईच्या जुन्या मऊ लुगड्याचं कापड लावून मी ती शिवली होती. पहिल्या उन्हाळ्यात, रात्री पोर दर दोन तासांनी उठायची तेव्हा मधल्या वेळात शिवली. टाके काही सरळ आले नाहीत. पोर तिचा एक काठ मुठीत धरायची, ओठांवर घासायची आणि पाच मिनिटांत झोपायची. गोधडी हातावर नेता येते हे कळल्यावर माझं अर्धं काम झालं असं मला वाटलं.

आता उरली पिशवी. त्या रविवारी मी पलंगावर सगळं मांडलं. दुधाची पावडर, तीनदा होईल एवढी. थर्मास. तांदूळ आणि मूग भाजून दळलेलं पीठ, दोनदा शिजेल एवढं. वाटी, चमचा. लंगोट सहा, फ्रॉक तीन, स्वेटर. एक टॉवेल. नखं कापायची छोटी कात्री होती ती काढून ठेवली आणि रविवारीच तिची नखं कापून टाकली. लाकडी बैल होता, पोळ्याला घेतलेला, एका शिंगाचा. तो आत ठेवला, मग काढला, कारण त्याची चाकं वजनाला भारी होती. पार्सल ऑफिसात रोज सामान उचलून माझ्या हाताला अंदाज आला होता, तरी मी पिशवी वाण्याकडे नेऊन तागडीत घातली. वाणी म्हणाला, "हे काय विकायला आणलं?"

आई दारात बसून बघत होती. ती एकेक वस्तू आणून पलंगाच्या कडेला ठेवायची. नागलीचे पापड. खुरासणीची चटणी. पोरीच्या बारशाचं कुंची-दुपटं.

"आई, कुंची आता तिच्या डोक्यात शिरत नाही."

"आठवन म्हनून."

"आठवण वाटेत लागत नाही."

आई उठली. कुंची उचलून घेऊन गेली. नामपूर सोडून दोन वर्षं झाली तरी तिची बोली बदलली नव्हती आणि रागावली की ती मुळीच बोलायची नाही.

मेहुणे आणि त्यांची बायको आठवडाभर आमच्याकडेच होते. बायको वयाने बरीच लहान, बावीस-तेवीसची असेल. पोर तिच्याकडे जाईना. पहिल्या दिवशी तर तिला बघून पलंगाखाली शिरली. मी ऑफिसातल्या मास्तरांना सांगून दोन दिवस डबल ड्यूटी घेतली आणि आईलाही दुपारी शेजारी जाऊन बसायला सांगितलं. मेहुणे दिवसभर बाहेर असायचे. घरात दुसरं कोणी नसलं की भूक लागल्यावर मूल समोरच्या माणसाकडेच जातं. तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी घरी आले तर पोर तिच्या हातून मऊ भात खात होती. मला बघून उठली नाही. मी चपला काढल्या, हातपाय धुतले. जेवायला मला जरा वेळ लागला.

त्या रात्री मेहुण्यांची बायको माझ्याजवळ येऊन बसली. पदराच्या टोकाला पीळ घालत होती.

"ताई, झोपवताना तुम्ही काय म्हणता तिला?"

"काही नाही. मला गाता येत नाही. पाठीवर थोपटायचं. जोरात थोपटायचं, हळू थोपटलं की ती उठते."

"कुठं?"

मी तिला पाठमोरं बसवलं आणि तिच्या पाठीवर थोपटून दाखवलं. दोन खांद्यांच्या मधोमध, थोडं खाली. ती बराच वेळ तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "मला आई नाही, ताई. मी पाच वर्षांची होते." मी म्हटलं, "बरं." पण तेव्हापासून मला तिची काळजी वाटेनाशी झाली.

मंगळवारी पहाटे द्वारकेवरून टॅक्सी केली. आईला न्यायचा माझा विचार नव्हता. ती तयार होऊन पायरीवर बसली होती. "मी कसाऱ्यापर्यंतच येते," म्हणाली, आणि कसारा आला तेव्हा काही बोलली नाही. पोर पुढे वडिलांच्या मांडीवर बसून ट्रक मोजत होती. तिला आकडे येत नव्हते, ती प्रत्येक ट्रकला 'एक' म्हणायची.

मी हिशोबाने तिला दुपारी बाराच्या सुमारास खायला घातलं होतं आणि विमानतळावर पोचेपर्यंत ती झोपली. झोपेतच द्यायचं हे मी आधी ठरवलं होतं. मेहुण्यांच्या बायकोच्या खांद्यावर तिला दिलं, गोधडी वरून घातली. पिशवी मेहुण्यांच्या हातात. ते आईच्या पाया पडले, माझ्या पडायला वाकले तेव्हा मी म्हटलं, "चला, उशीर होतो." काचेचं दार होतं. ती तिघं आत गेली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. पोर उठली नाही. मला हायसं वाटलं. आता फक्त परतीची एसटी गाठायची होती.

पण पोचवायला आलेली माणसं लगेच निघत नाहीत. विमान उडालं की नाही हे बघायला सगळे कठड्यापाशी उभे राहतात. आई म्हणाली, "जरा थांब." म्हणून आम्ही थांबलो.

अर्धा-पाऊण तास झाला असेल. मी सरबत आणायला वळले तर काचेच्या दारातून मेहुणे बाहेर येताना दिसले. बरोबर एक पोलीस. मेहुण्यांच्या एका हातावर पोर होती, जागी, रडून नाक वाहत असलेली, आणि दुसऱ्या हातात गोधडी. ते मान उंच करून गर्दीत आम्हाला शोधत होते.

मी पुढे गेले. पोलिसाने दार अडवून ठेवलं होतं, मी या बाजूला, ते त्या बाजूला.

"ताई, हिच्यात लोखंड आहे म्हणतात."

"कशात?"

"गोधडीत. ते हातातलं मशीन फिरवलं तर वाजतं. फाडून बघतो म्हणाले. मी म्हटलं, थांबा, शिवणारी बाहेर आहे."

पोलीस म्हणाला, "काय असंल ते काढा बाई, नायतर गोधडी इथंच ठेवा. विमान सुटायची वेळ झाली."

मी म्हटलं, "यात लोखंड कसं असेल? मी स्वतः शिवली आहे." सुई राहिली असेल असं मनात आलं. पण दोन वर्षं धुतली, आपटली, पोरीने चावली, सुई असती तर कधीच टोचली असती. तरी मी गोधडी जमिनीवर पसरली आणि कोपऱ्यापासून चाचपायला लागले. मागून आई म्हणाली,

"त्या कोपऱ्यात नाय. दुसऱ्या."

मी वर बघितलं. आई कठड्याला धरून उभी होती.

"काय घातलंस?"

"विळ्याचं टोक. बारकं शे."

"आई."

"समुद्र वलांडनार शे पोर. इतकुसं पानी असतं तरी बांधतो आपन. जवळ लोखंड नको का?"

आमच्याकडे रीत आहे. तान्हं मूल पहिल्यांदा नदीपलीकडे न्यायचं झालं तर त्याच्या दुपट्यात लोखंडाचा तुकडा बांधतात. मोसम नदीला उन्हाळ्यात घोटाभर पाणी नसतं, तरी बांधतात. माझ्याही दुपट्यात बांधला होता, बहिणीच्याही. मला ते ठाऊक होतं. विमान समुद्रावरून जातं हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी मी एकत्र केल्या नव्हत्या, आईने केल्या होत्या. मी ड्यूटीवर असताना तिने कोपरा उसवून आत तुकडा घातला आणि परत शिवून टाकला. चाकू, कात्री, सुरी चालत नाही हे मी तिला दहादा सांगितलं होतं. विळ्याचं नाव मी घेतलं नव्हतं.

उसवायला काही नव्हतं. कात्री मीच घरी ठेवायला लावली होती, आणि त्या दाराच्या आत कोणाकडेच असणार नव्हती. मी ब्लाउजची पिन काढली आणि टाका उचलायला लागले. आईचे टाके माझ्यापेक्षा बारीक आणि घट्ट. पिन वाकली. मग दातांनी तोडले. लोकं बघत होती. पोलीस म्हणाला, "बाई, आटपा." मेहुणे म्हणाले, "ताई, राहू द्या, मी तशीच नेतो हिला, झोपेल कशीतरी." मी म्हटलं, "गप्प बसा."

तुकडा निघाला. बोटाच्या पेराएवढा, चिंधीत गुंडाळलेला, गंजलेला. मी तो पोलिसापुढे धरला. त्याने बघितला आणि म्हणाला, "ठेवा तुमच्याकडं." आईने हात पुढे केला आणि पदराच्या टोकात बांधून टाकला. मग ती मेहुण्यांना म्हणाली, "जावईबापू, मंग पोरीजवळ काय राहिलं?"

मेहुण्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आई, ते विमान सगळं लोखंडाचंच असतं."

"खरं?"

"खरं. वरपासून खालपर्यंत."

आईने मान हलवली. तिला पटलं. ते फिटर होते, विमान कशाचं करतात हे त्यांना नक्की माहीत होतं. ते अ‍ॅल्युमिनियमचं असतं हे मीही वर्तमानपत्रात वाचलं होतं. मी आईला ते सांगितलं नाही. तोवर त्या माणसाबद्दल माझ्या मनात जी थोडीफार अढी होती ती त्या वेळी गेली.

मी गोधडी झटकली, घडी केली. एवढा वेळ मी पोरीकडे बघायचं टाळलं होतं. आता बघावं लागलं. ती वडिलांच्या हातावरून वाकली होती, दोन्ही हात पुढे. तिला घेतलं असतं तर परत द्यावं लागलं असतं, आणि या वेळी ती जागी होती. माझे हात गोधडीत गुंतले होते ते मी तसेच ठेवले.

ती म्हणाली, "मावची, गोदी."

मी गोधडी दिली. तिने उसवलेला कोपराच मुठीत धरला, ओठांवर घासला आणि वडिलांच्या खांद्यावर डोकं टाकलं. रडणं थांबलं. मेहुणे वळले. पोलिसाने दार लावून घेतलं. तिने मागे वळून बघितलं नाही. मी ते दार बंद झाल्यावरही थोडा वेळ बघत होते, म्हणून सांगते.

या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. ती दोनदा येऊन गेली. चांगली उंच झाली आहे, हिंदी बोलते, त्या बाईला मम्मी म्हणते आणि तिच्या कुशीत झोपते. तिला धाकटा भाऊ झाला आहे. मला 'नाशिकवाली मावशी' म्हणते. माझं तिला काही आठवत नाही. दोन वर्षांच्या आतलं कोणाला आठवतं? गोधडीबद्दल मी विचारलं नाही. विचारून जे कळलं असतं त्याचं मला काही करता आलं नसतं.

त्या मंगळवारी परतीच्या एसटीत आईला खिडकीची जागा दिली. कसारा येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मग म्हणाली,

"तुले सांगितलं असतं तं तू ठिवू दिलं असतं का?"

"नाही."

"मंग."

घाटात गाडी दम खात चालली होती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "गेली असंल आता?"

"केव्हाच."

"उठली असंल का?"

"मला काय माहीत, आई?"

तिने माझ्या मांडीवर हात ठेवला. मी तो बाजूला केला नाही. घोटीला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून दोन चहा आणले. तिने अर्धा पिऊन माझ्या हातात दिला.

घरी आल्यावर मी दिवा लावला, कुकर लावला. आई जेवण झाल्याबरोबर आपल्या ट्रंकेपाशी जाऊन बसली. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "मी आता इठं काय करू? तू दिवसभर ड्यूटीवर. मी भिताडांशी बोलू का?" नामपुरात चुलतभावाकडे कांदा काढायला आला होता, बायामाणसं हवी होती, हेही तिने सांगितलं. तिला सत्तरावं लागलं होतं. कांदा काढायला तिला कोणी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, "आठ दिवस रहा की." ती म्हणाली, "आठ दिवसांनी काय बदलंल?" पोरीच्या वेळी, जायचंच आहे तर आत्ताच जाऊ दे, असं मीच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला घेऊन स्टँडवर गेले. सटाण्यावरून नामपूरला जाणारी गाडी फलाटाला लागली होती. ओळखीच्या कंडक्टरला सांगून तिला पुढच्या बाकावर बसवलं, ट्रंक सीटखाली सरकवली, नामपूरला उतरवून द्या म्हणून बजावलं. तिने खिडकीतून विचारलं, "संध्याकाळी जेवशील ना?" मी हो म्हटलं. गाडी सुटल्यावर मी वेळेच्या आधीच पार्सल ऑफिसात गेले, कुलूप काढलं, खिडकी उघडली. बाहेर एक माणूस द्राक्षांच्या पेट्या घेऊन उभा होता. मी त्याच्या पेट्या काट्यावर चढवायला लागले.